अवघड क्षेत्र

पालकांच्या तक्रारी हा माझ्या आवडीचा अभ्यासविषय. उभी हयात औसा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर गेली, त्यामुळे या अभ्यासासाठी कुठं जावं लागलं नाही. तक्रारी आपल्या पायांनी वर्गापर्यंत यायच्या. मला सापडलेली सगळ्यात जुनी तक्रार मात्र १६१६ सालची आहे आणि ती ओवीबद्ध आहे. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यात उतरला, आपली भाषा शिकला आणि पुढे त्यानं अकरा हजारांच्या घरात ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ रचलं. त्याच्या सुरुवातीलाच एक प्रसंग येतो. साष्टीतल्या एका चर्चमध्ये पाद्री गुरू मुलांना धर्माचे पाठ देतोय आणि एक जण पुढं येऊन म्हणतो, शिकवता ते बरं आहे, पण आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हाला दुसरं काही द्याल की नाही?

म्हणजे अभ्यासक्रम ठीक, करमणुकीचं काय? ही तक्रार मी स्वतः इतक्यांदा ऐकली आहे की मला त्या पाद्र्याचा चेहरा डोळ्यांपुढं येतो. फरक एवढाच, की आमच्याविरुद्ध तक्रार गेली तर आम्ही एक पानी लेखी खुलासा देतो, खाली कार्बन घालून. त्यानं अकरा हजार ओव्यांचा दिला.

तेव्हापासून मिशनऱ्यांकडे मी आपल्या खात्यातली माणसं म्हणून बघतो. त्यांच्या धर्मकार्यावर बोलायला टीव्हीवर पुरेशी माणसं आहेत. मला दिसतो तो त्यातला मास्तर. घर हजारो मैलांवर, भाषा येत नाही, पोरं ऐकत नाहीत, उन्हानं टाळू तापलेली, आणि एवढं करून वर अहवाल पाठवायचा. आमच्याकडे अशा जागेला सरकारी कागदावर ‘अवघड क्षेत्र’ म्हणतात आणि तिथं काही वर्षं काढली की बदलीत प्राधान्य मिळतं. मिशनऱ्यांचं सगळं प्राधान्य स्वर्गात जमा व्हायचं. आमच्या भविष्य निर्वाह निधीच्या पावत्या बघितलेला माणूस एवढंच म्हणेल, की तिथला हिशेब तरी वेळेवर लागला असो.

बदलीच्या भानगडीही अगदी ओळखीच्या. बोस्टनच्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेनं १८१२ साली पहिली तुकडी हिंदुस्थानकडे काढली. ६ फेब्रुवारीला सेलम गावच्या चर्चमध्ये पाच तरुणांना दीक्षा मिळाली. त्यातल्या ॲडोनायराम जडसनचं लग्न आदल्या दिवशी, म्हणजे ५ तारखेला लागलं होतं. सॅम्युअल न्यूएलचं ९ तारखेला लागलं. आणि १९ तारखेला दोन्ही जोडपी जहाजावर होती. पती-पत्नी एकत्रीकरणाची प्रकरणं आमच्याकडे पाच-पाच वर्षं फिरतात, इथं पंधरवड्यात निकाल. पुढं जहाजावर जडसननं फावल्या वेळात बाप्तिस्म्याविषयी वाचन केलं आणि कलकत्त्याला उतरल्यावर तो बॅप्टिस्ट झाला. पाठोपाठ दुसऱ्या जहाजानं आलेला ल्यूथर राइसही तिकडेच गेला. रुजू होण्याआधी संघटना बदलणारे शिक्षक मी पाहिलेत, पण जाण्याचं भाडं जुन्या संघटनेकडून घेऊन नव्या संघटनेत दाखल झालेले हेच.

न्यूएलची बायको हॅरिएट मॉरिशसलाच वारली, त्याच वर्षी. एकोणीस वर्षांची होती.

उरलेल्यांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला पोचले. तोवर इंग्लंड-अमेरिकेचं युद्ध जुंपलेलं. कंपनी सरकारनं सांगितलं, आल्या पावली परत जा. हे दोघे गुपचूप जहाजात बसून कोचीनला सटकले, तिथून त्यांना धरून परत मुंबईला आणलं. मग त्यांनी ते केलं जे कोणताही अनुभवी शिक्षक करतो: अर्ज. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांना अर्जामागून अर्ज. शेवटी गव्हर्नर थकले आणि हे दोघे राहिले. त्याच १८१३ साली कंपनीच्या नव्या सनदेत हिंदुस्थानातल्या शिक्षणासाठी वर्षाला एक लाख रुपयांची तरतूद झाली, सगळ्या मुलखाला मिळून. तो पैसा नेमका कसा खर्चायचा हे ठरवायला कलकत्त्याला समिती नेमली गेली १८२३ मध्ये. दहा वर्षं निधी अखर्चित! ही परंपरा आपण स्वातंत्र्यानंतर सुरू केली असं मी समजत होतो.

पण या सगळ्यांत माझं खरं सूत जुळतं ते सिंथिया फॅरर बाईंशी. न्यू हॅम्पशायरकडच्या या मास्तरीणबाई १८२७ च्या जूनमध्ये बोस्टनहून निघाल्या आणि डिसेंबर संपता संपता मुंबईत पोचल्या. अमेरिकन बोर्डानं परदेशी पाठवलेली पहिली अविवाहित शिक्षिका म्हणून त्यांचं नाव घेतात. काम काय, तर मुलींच्या शाळा. आता १८२७ साली मुंबईत मुलगी शाळेत यावी म्हणून काय करावं लागत असेल याची कल्पना फक्त जुलै महिन्यात दाखलपात्र मुलं शोधत वाडीवस्तीवर फिरलेल्या माणसालाच येईल. ‘शिकून तिला काय नोकरी करायचीय?’ हा प्रश्न त्यांना विचारला गेला आणि मलाही, मध्ये दीडशेच्या वर वर्षं जाऊन. १८३४ पासून बोस्टनहून बर्फसुद्धा मुंबईला येऊ लागला, जहाजात लाकडाच्या भुशात बांधून. एकाच बंदरातून बाई आणि बर्फ. बर्फाला धक्क्यावरच गिऱ्हाईक मिळायचं. बाईंना एकेका मुलीसाठी दारोदार फिरावं लागे.

मिळालेली मुलगी टिकायचीही नाही. आठव्या-नवव्या वर्षी लग्न, की पटावरून नाव कमी. त्या काळच्या मिशन शाळांत पंतोजींचा पगार बऱ्याचदा पटावर ठरे. पगार पटावर ठरला की पट फुगतो, हे शोधायला आपल्या सरकारला २०११ च्या ऑक्टोबरात तीन दिवस राज्यभर पटपडताळणी करावी लागली. हे ज्ञान मुंबईतल्या मिशनच्या बायकांना १८३० च्या आगेमागे घरबसल्या झालं असणार, कारण पंतोजी आपलेच होते. मुलींनी यावं म्हणून खाऊ, खण, चार पैसे असं काही ना काही हातावर ठेवायची रीतही मिशन शाळांनी पाडली. पुढं फॅरर बाई नगरला गेल्या. तिथली त्यांची मुलींची शाळा जोतिराव फुल्यांनी पाहिली, १८४८ मध्ये पुण्यात स्वतःची काढली, आणि सावित्रीबाईंचं शिक्षिकेचं प्रशिक्षण फॅरर बाईंकडेही झालं. त्या सावित्रीबाईंच्या जयंतीला, ३ जानेवारी १९९२ पासून, महाराष्ट्र सरकारनं ठरावीक गटांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना रोज एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. म्हणजे खण-पैशांची आयडिया सरकारी जीआरमध्ये यायला दीडशेच्या वर वर्षं लागली. तो रुपया नंतर कितीतरी वर्षं रुपयाच राहिला. मी तो वाटलाय. सुट्ट्या पैशांअभावी महिन्याचा एकदम द्यायचो आणि त्या दिवशी हजेरी शंभर टक्के असायची.

फॅरर बाई १८६२ साली नगरलाच वारल्या. मधली एक आजारपणाची रजा सोडली तर पस्तीसेक वर्षांची अखंड सेवा. अतिदुर्गम भत्ता शून्य.

अशा एका बाईंबरोबर काम करायची पाळी माझ्यावरही आली, त्याचं कारण मात्र कुणाला मिळू नये असं होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे गणपती बोळवून माणसं झोपलेली असताना, किल्लारी हलली. किल्लारी आमच्याच तालुक्यातली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्याविषयी मी इथं काही लिहीत नाही. ज्यांनी ते पाहिलं ती माणसं आजही त्याविषयी फार बोलत नाहीत.

त्यानंतरच्या महिन्यांत आमच्या तालुक्यात जगातले सगळे धर्म, पंथ, पक्ष आणि तंबू येऊन गेले. त्यातल्या एका चर्चच्या तुकडीतून न्यूझीलंडच्या एक तरुण बाई मुलांना शिकवायला मागं राहिल्या. त्या कोणत्या शाळेवर जाणार? बी.ए.ला इंग्रजी घेतलेला तालुक्यात मी एकटाच नव्हतो, पण त्या दिवशी तालुक्याच्या ऑफिसात सापडलो. झालं, बाई माझ्या शाळेवर. शाळा म्हणजे पत्र्याचं शेड. मी मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, दुभाषी आणि बाईंना एसटीत जागा धरणारा.

पहिल्याच दिवशी गावातल्या आज्यांनी बाईंची मुलाखत घेतली. मी मधे.

“कुणाची हाय वं ही पोरगी?”

बाईंनी वडिलांचं नाव सांगितलं. ते कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण आज्यांनी माना हलवल्या. बाप आहे म्हणजे निम्मं काम झालं.

“लगीन?”

नाही.

“वय?”

सव्वीस. यावर जी शांतता पसरली तिचं भाषांतर करायची गरज पडली नाही.

“पगार किती मिळतोय?”

मी सांगितलं, पगार नाही, त्या स्वयंसेवक आहेत. हे काही कुणाला पटलं नाही. एक आजी म्हणाली, “फुकट कोन येतंय एवढ्या लांब? आमचे गुरुजी पगार घिऊन बी येळंवर येत न्हाईत.” एवढं वाक्य मी गाळलं. बाईंनी विचारलं, त्या काय म्हणाल्या? म्हटलं, तुमचं स्वागत करतायत.

मग मूळ मुद्दा आला.

“जात कोन्ती?”

“ख्रिश्चन,” मी परस्पर सांगून टाकलं.

“ते झालं. त्यातली कोन्ती?”

मी बाईंना विचारलं. बाई जरा गोंधळल्या आणि म्हणाल्या, प्रेस्बिटेरियन. मी तसंच सांगितलं. आजीचा चेहरा एकदम मोकळा झाला. “हां. पोटजात.” क्षणभर थांबून तिनं पुढचं विचारलं, “दुसरी कोन्ती असती त्यांच्यात?” मी म्हटलं, मेथडिस्ट असतात. “मंग ते मोठे का हे मोठे?”

बाई म्हणाल्या, तसं काही नाही, सगळे सारखेच.

“सगळे असंच म्हनत्यात,” आजी म्हणाली.

न्यूझीलंडमध्ये माणसांपेक्षा मेंढ्या कितीतरी पट जास्त आहेत, ही माहिती बाईंनी हौसेनं दिली. गावातल्या धनगराच्या घरी ती तासाभरात पोचली. दुसऱ्या दिवशी तो शेडच्या दारात उभा. तिकडे मेंढीला काय भाव, लोकर कोण घेतं, लांडगे आहेत का? लांडगे नाहीत म्हटल्यावर तो बराच वेळ बाईंकडे बघत राहिला. शेवटी मला म्हणाला, “गुरुजी, लांडगा न्हाई, मेंढरं एवढी, आन ही बाई हितं का आली म्हनं?” मिशनच्या इतिहासावर मी पुष्कळ वाचलं, पण हा प्रश्न इतका नेमका कुणी विचारलेला नाही.

रोजचा क्रम असा. प्रार्थना, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा. बाई तिन्हीला ताठ उभ्या. मग त्यांचा तास. डोकं, खांदे, गुडघे, पाय यांना हात लावत म्हणायचं एक इंग्रजी गाणं त्यांनी शिकवलं. आठवड्यात सगळं गाव ते म्हणत होतं, शब्द आपापले. विहिरीवर रहाट ओढणारी पोरं ते म्हणत आणि गुडघ्यांना हात लावायला दोर सोडत. तेव्हा पहिली तक्रार आली, अर्थात माझ्याकडे: “गानं झकास हाय गुरुजी, पर पाढे कवा?” १६१६ साली पालकांना करमणूक हवी होती, १९९३ साली पाढे. बाईंनी कपाळाला हात लावला. पाद्री स्टीफन्सनं दुसरं एक पुराण लिहायला घेतलं असतं.

बाई छडी वापरत नसत, रागावतही नसत. पोरांना याचा अर्थच लागेना. दोन दिवस त्यांनी वाट पाहिली, तिसऱ्या दिवशी शेडचा पत्रा उडेल एवढा गलका. शेवटी तिसरीतल्या एका मुलीनं परिस्थिती हातात घेतली. तिनं कुठूनशी तुरीची काठी आणली, बाईंच्या शेजारी उभी राहिली आणि नुसती बघत राहिली. वर्ग चिडीचूप. बाई प्रेमानं शिकवत, ही शेजारी काठी घेऊन उभी. बाईंनी घरी लिहिलेल्या पत्रात ‘मुलं आता शांतपणे ऐकतात’ असं लिहिलं, आणि ते खरंच होतं.

धर्माचं कुणी विचारलंच नाही असं नाही. एका संध्याकाळी दोन-तीन जाणती माणसं मला बाजूला घेऊन म्हणाली, बाटवायला तर आली नाही ना ही? मी म्हटलं, बसा की एक दिवस वर्गात. बसले. बाईंनी तासभर हात धुवायला शिकवलं. साबण कसा लावायचा, बोटांच्या बेचक्यांतून कसा फिरवायचा, जेवायच्या आधी, परसाकडून आल्यावर. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तेच. म्हाताऱ्यांतला म्हातारा उठला आणि निकाल देऊन गेला, “हिचा धर्म साबनाचा दिसतोय.”

अफवेनं शाळा कशी ओस पडते हे मात्र बाईंना माझ्याकडेच बघायला मिळालं. मुंबईत १८३९ साली डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि वर्गच्या वर्ग रिकामे झाले. आमच्याकडे एवढी मोठी घटना लागत नाही. एक दिवस जीप आली, तिच्यातून पत्र्याची पेटी उतरली, आणि कुणीतरी ओरडलं, “सुई आली!” शेडला खिडक्या नव्हत्या, तरी पोरं खालचा पत्रा उचकटून गेली. काठीवाली मुलगी सगळ्यांच्या पुढं. पेटीत रंगीत खडू होते. संध्याकाळपर्यंत बाई आणि मी दोघंच खडू मोजत बसलो.

मग आली येळवस. लातूर जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: वेळ अमावस्येला आमच्याकडे गावात माणूस राहत नाही. सगळं घरदार शेतात. कडब्याची कोपी करायची, आत पाच पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग भज्जी, आंबील, उंडे, शेंगदाण्याच्या पोळ्या, जो दिसेल त्याला बोलावून जेवू घालायचं. बाईंना सुट्टी सांगायची राहून गेली होती, का त्यांना ती समजली नव्हती, देव जाणे. त्या सकाळी एसटीनं आल्या तर शाळेला कुलूप, गावात कुत्रीसुद्धा नाहीत. त्यांना वाटलं पुन्हा काही झालं. घाबऱ्याघुबऱ्या शेताच्या वाटेला लागल्या तेवढ्यात पहिल्या बांधावरून हाक आली. तिथं जेवल्या. दुसऱ्या बांधावरून हाक आली. पोट भरलंय हे कारण आमच्याकडे येळवसला चालत नाही. संध्याकाळी मला दिसल्या तेव्हा पाचव्या की सहाव्या शेतात आंबिलीचा तांब्या तोंडाला लावून बसल्या होत्या आणि कोपीतल्या पाच दगडांपैकी अर्जुन कोणता ते एका पोराकडून समजून घेत होत्या. पोरानं शेजारी मांडलेली द्रौपदीही दाखवली. बाई म्हणाल्या, एक बाई आणि पाच नवरे? पोरगं म्हणालं, “हाव. पर जेवन सगळ्यास्नी तीच करायची.” त्या वर्षी शेतात माणसं कमी होती. पानं मात्र कुणी कमी मांडली नव्हती.

औशात बाई एका घराच्या माडीवर राहत. तिथून नाथ संस्थानातलं भजन ऐकू यायचं. आमच्या औशाच्या नाथ परंपरेचं चक्रीभजन प्रसिद्ध आहे, गोल फिरत, टाळ-मृदंगावर. एकदा बाई ऐकायला गेल्या आणि मध्यरात्रीपर्यंत हलल्या नाहीत. परत येताना म्हणाल्या, आमच्याकडे वीस मिनिटांचं प्रवचन झालं की लोक घड्याळ बघतात. मी त्यांना सांगितलं, तुमच्या आधीच्या लोकांना हे नगरला कळलं होतं. १८६० च्या दशकात तिथले ख्रिस्ती कीर्तनकार कृष्णराव सांगळे यांनी टाळ-वीणा घेऊन येशूचं कीर्तन उभं केलं, आणि मराठी माणूस जसा बसतो तसा बसला. बाईंनी हे वहीत टिपून घेतलं. त्या सगळंच टिपून घेत, आंबिलीची कृतीसुद्धा.

उलट्या दिशेनं गेलेले आपले लोकही होतेच की. नारायण शेषाद्री मूळचे ब्राह्मण, पुढं पाद्री झाले, आमच्या मराठवाड्यात जालन्याजवळ त्यांनी बेथेल नावाचं गाव वसवलं आणि १८७३ मध्ये न्यूयॉर्कला धर्मपरिषदेत फेटा बांधून बोलून आले. पंडिता रमाबाई तर १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि चेल्टनमच्या मुलींच्या कॉलेजात संस्कृत शिकवू लागल्या. तिथं प्रश्न उभा राहिला, की या बाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं का? हिंदुस्थानातल्या बिशपांचं मत पडलं, नको. मायदेशी त्यांचं वजन कमी होईल. आता रमाबाई कोण, तर कलकत्त्याच्या पंडितांपुढं शास्त्रार्थ करून ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ पदव्या मिळवून आलेल्या. त्यांनी कळवलं, माझ्या वडिलांनी किंवा नवऱ्यानं यात कधी काही गैर मानलं नाही. शिवाय त्या शाकाहारी. १८८४ च्या इंग्लंडात शाकाहारी माणसाच्या ताटात काय पडत असेल? त्यांच्या खाण्यापिण्याच्या नेमांवरून ख्रिस्ती मठातल्या भगिनींशी पत्रांतून वादही झाले. आमच्या न्यूझीलंडच्या बाईंना निदान भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी होती. ती त्यांनी पहिल्या दिवशी जाम समजून लावली, एवढंच.

आणि शेवटी अहवाल. त्यातून कुणाचीच सुटका नाही. फॅरर बाईंच्या काळात नगर-मुंबईची पत्रं बोस्टनला जायची आणि ‘मिशनरी हेरल्ड’ मासिकात छापून यायची. ती वाचून अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतले लोक वर्गणी द्यायचे. वर्गणी देणाऱ्याला काहीतरी दिसावं लागतं. जाफन्याच्या मिशन शाळांत तर एका मुलाचा खर्च उचलला की त्या मुलाला आपण सांगू ते नाव मिळायचं. घरी तमिळ नाव, हजेरीपटावर अमेरिकेतल्या कुण्या पाद्र्याचं. यावर हसायचा अधिकार आपल्याला नाही. माझ्या एका शाळेत एका दात्यानं पंखा दिला होता आणि त्याच्या तिन्ही पात्यांवर कैलासवासी वडिलांचं नाव रंगवलं होतं. पंखा सुरू असेपर्यंत ते वाचता येत नसे, म्हणून दाते आले की पंखा बंद करावा लागे, ऐन एप्रिलात.

बाईंच्या चर्चनं छापील तक्ता पाठवला होता. प्रत्येक मुलाचं नाव, वय, आणि शेवटच्या रकान्यात त्याची एक गरज. तिकडची मंडळी रविवारी त्यासाठी प्रार्थना करणार. दरमहा सत्तावीस प्रकारचे तक्ते भरणाऱ्या मला हा रकाना फार आवडला. आमच्या एकाही तक्त्यात मुलाला काय हवं ते विचारलेलं नसतं. शनिवारी सकाळच्या शाळेत आम्ही भरायला बसलो. मुलं एकेक पुढं येत होती, मी इंग्रजी करत होतो, बाई लिहीत होत्या. एकाला बैलजोडी हवी होती. एकीला पक्कं घर, “पर दगडाचं नगं.” काठीवालीला पुढच्या वर्षीही तोच वर्ग सांभाळायचा होता. एकाला एसटीचा ड्रायव्हर व्हायचं होतं, मात्र लातूर-सोलापूर गाडीचा, खेड्यातल्या मुक्कामी गाडीचा नाही. तो रकाना अरुंद होता, तरी बाईंनी सगळं बसवलं.

शेवटी उठला मागच्या रांगेतला एक पोरगा, जो माझ्या तासाला कधी तोंड उघडत नसे. उभा राहिला, शर्टाचं बटन फिरवलं आणि स्पष्ट आवाजात म्हणाला, “गुरुजींची बदली व्हावी.”

शेडमध्ये कुणी हललं नाही. बाई पेन धरून माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हटलं, “शिक्षकांच्या पुढील वाटचालीसाठी.”

बाईंना ते इतकं भावलं, की त्यांनी मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्या ओळीपुढं चांदणी काढली. तीन-चार महिन्यांनी त्या परत गेल्या. तिकडून त्यांचं मला पत्र आलं. सगळ्या मुलांसाठी प्रार्थना झालीच, पण चांदणीवाल्या ओळीसाठी भरलेलं चर्च उभं राहिलं होतं, शिवाय बुधवारच्या महिला मंडळानं ती पुन्हा वेगळी घेतली. आमच्या पोस्टमननं ते परदेशी पाकीट मला जून महिन्यात आणून दिलं. त्याच्याबरोबर दुसरं एक खाकी पाकीट होतं, आवक-जावक क्रमांक टाकलेलं, आणि त्यात सात दिवसांत नव्या ठिकाणी हजर होण्याविषयी लिहिलं होतं.